दुकानातलं अदबीचं इंग्रजी

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या सोलापुरात चादरीच्या दुकानात घटकाभर उभं राहिलं, की मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं कानावर पडतं. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करून आलेलं परप्रांतातलं गिऱ्हाईक असलं, तर तिथं इंग्रजीही येतं. आणि इथंच आपल्या गोड माणसांवर अन्याय होतो, असं मला मनापासून वाटतं.

आपण म्हणतो, "दादा, ती निळी चादर दाखवा की जरा." यातली अदब त्या 'दादा'त आहे, 'जरा'त आहे, 'दाखवा'तल्या 'वा'त आहे. तेच इंग्रजीत "शो मी दॅट ब्लू वन" झालं, की अदब सगळी गळून जाते आणि उरतो तो हुकूम. शेवटी 'प्लीज' चिकटवलं तरी हुकूम तो हुकूमच. इंग्रजीत विनंती करायची ती प्रश्न विचारून. म्हणा माझ्याबरोबर: "कुड यू शो मी दॅट ब्लू वन, प्लीज?" पुन्हा एकदा, सावकाश. "कुड यू शो मी..." मोठं माप हवं असेल तर "डू यू हॅव अ लार्जर वन?" नुसतं बघायला आला असाल तर "आय ॲम जस्ट लुकिंग, थँक यू." त्यातला 'थँक यू' गाळू नका, नुसतं 'नो' म्हणणं तर फारच तुटक वाटतं. "नो, थँक यू" असं जोडूनच म्हणावं.

आता दुकानदार मंडळींसाठी. "व्हॉट डू यू वॉन्ट?" हे कृपा करून सोडा. तुम्ही आपुलकीनं विचारता, पण ऐकणाऱ्याला ते खेकसल्यासारखं लागतं. "कॅन आय हेल्प यू?" पुरे. मागितलेला रंग संपला असेल तर "नो स्टॉक" म्हणून मान फिरवू नका. "आय ॲम अफ्रेड वी डोन्ट हॅव दॅट कलर" म्हणा. इथं 'अफ्रेड'चा भीतीशी काही संबंध नाही, नकार हळुवार करायची ती रीत आहे. गिऱ्हाइकालाही ती उपयोगी पडते. टॉवेलचा धागा निघालेला दिसला, तर "आय ॲम अफ्रेड देअर इज अ लूज थ्रेड हिअर" म्हणावं. तक्रार पोचते आणि कुणी दुखावतही नाही.

भाव करायचा असेल तर "टू मच!" असं ओरडू नये. "इज दॅट युअर बेस्ट प्राइस?" असं शांतपणे विचारावं. मात्र परदेशात लेक-सुनेकडे गेलात, तर हे वाक्य तिथल्या मोठ्या दुकानांत वापरू नका. तिथं सहसा चिठ्ठीवरचाच भाव द्यायचा असतो. आठवडी बाजारात एखादे वेळी विचारून बघायला हरकत नाही.

आणि सौदा जमला नाही तर? "आय विल थिंक अबाउट इट. थँक यू." दुकानदारानं त्यावर म्हणावं, "यू आर वेल्कम. प्लीज कम अगेन."

नमस्कार.