ईमेलवरचा ठराव आणि गणपूर्ती

मंडळी, बैठकीत गणपूर्ती, म्हणजे ठरावाला लागणारी किमान हजेरी, मोजणं सोपं आहे. सतरंजीवर किती जण बसले ते डोळ्यांना दिसतं. ईमेलवर मात्र मेल उघडला की नाही, तेसुद्धा पाठवणाऱ्याला खात्रीने कळत नाही. तरीही अनेक शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या समित्यांच्या मेलमध्ये शेवटी एक ओळ असते: ‘उत्तर न आल्यास मंजुरी समजण्यात येईल.’ ही ओळ आधी काढून टाका. डवरणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत उत्तर न येण्याचा अर्थ एवढाच, की माणूस वावरात आहे आणि फोन घरी चार्जिंगला आहे. त्या मौनाला संमती मानलं, की सगळी समिती दोन जण चालवतात.

ईमेलवर मतं कशी मोजायची ते पाहण्याआधी हद्द समजून घेऊ. कंपनी कायद्याच्या कलम ३७८-आरप्रमाणे लाभांश, नवे सभासद, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची नेमणूक, सभासदाला कर्ज हे संचालक मंडळाचे अधिकार बैठकीतल्या ठरावानेच वापरायचे असतात. हे विषय ईमेलवर आणूच नका. कलम ३७८-यूप्रमाणे मंडळाला समित्या नेमता येतात, पण आपले अधिकार त्यांना देता येत नाहीत. म्हणून खरेदी समितीच्या मेलवर यावं ते मंडळाने आखून दिलेल्या चौकटीतलं काम: तुरीचा काटा कोणत्या गावात कोणत्या दिवशी लावायचा, बारदाना कोणाकडून घ्यायचा, मेटॅडोर कोणाची लावायची.

आता आकडे. समिती नऊ जणांची धरा. बैठकीची गणपूर्ती पाच ठेवली, तर पाचांत तिघांनी हात वर केले की ठराव होतो. ईमेलवर हेच तीन पुरेसे धरू नका. बैठकीत उरलेल्या दोघांनी निदान चर्चा ऐकलेली असते, आणि एखाद्याच्या आक्षेपाने बाकीच्यांचं मत फिरू शकतं. मेलवर हे होत नाही. म्हणून बहुमत एकूण सदस्यांचं धरा, म्हणजे नऊपैकी पाच स्पष्ट ‘संमत’. तटस्थ माणसाचं उत्तर आलं असं नोंदवा, पण संमतीत मोजू नका.

दुसरा नियम तितकाच महत्त्वाचा. एक तृतीयांश सदस्यांनी, म्हणजे इथे तिघांनी, ‘बैठकीत घ्या’ म्हटलं की मेलवरचा विषय तिथेच थांबतो. याच कारणाने पाच संमती आल्याबरोबर मतदान बंद करू नका. पाच संमत आणि चार गप्प असतील, तर त्या चौघांतले तिघे अजून बैठक मागू शकतात. गप्प असलेले आणि बैठक मागणारे मिळून तिघांपेक्षा कमी झाले, तरच मुदतीआधी निकाल लावा.

ज्याचा संबंध आहे त्याने मत द्यायचं नाही. मेटॅडोर सदस्याच्या पुतण्याची असेल, तर तो सदस्य मोजणीतूनच बाहेर. दोघे बाहेर गेले, तर उरलेल्या सातांत चार संमती लागतात. बैठक मागायला मात्र तिघेच, कारण सातचा तिसरा हिस्सा दोनपेक्षा जास्त भरतो आणि अपूर्णांक वरच धरायचा.

मेल लिहिताना एका मेलमध्ये एकच विषय घ्या आणि ठरावाचे शब्द पूर्ण लिहा. कोटेशन जोडा. ‘लवकर कळवा’ लिहू नका. ‘शुक्रवार, सायंकाळी ६’ लिहा. तीन दिवस तरी द्या, लाइटचा भरवसा नसेल तर पाच. कोणी ‘पाचशे नको, तीनशे पोती घ्या’ म्हटलं, तर जुन्या ठरावात खाडाखोड करू नका. तो मागे घ्या आणि नव्या मेलवर मोजणी शून्यापासून सुरू करा. नाहीतर दोन जणांची संमती पाचशेला आणि तिघांची तीनशेला, असा ठराव तयार होतो.

मत फक्त नोंदवलेल्या पत्त्यावरूनच धरा. नातवाच्या मेलवरून आलेलं किंवा व्हॉट्सॲपवरचा अंगठा चालणार नाही. ज्यांना ईमेल जमत नाही, त्यांच्याकडे ठरावाची छापील प्रत पाठवा आणि सहीनिशी परत घ्या. मेल गेल्याचा फोन सचिवाने सगळ्यांना करावा. फोनवर मत मात्र घेऊ नये.

हे नियम आधी प्रत्यक्ष बैठकीत मंजूर करून प्रोसिडिंगमध्ये लिहा. प्रत्येक मेलचा निकाल लिहिताना ठरावाचे शब्द, मुदत, कोणाचं काय मत आणि कोणाचं उत्तर आलं नाही, हे नावानिशी नोंदवा. तीच नोंद मंडळाच्या पुढच्या बैठकीसमोर ठेवा.