नखाएवढ्या कडांवरची वाट

लांबून पाहिलं तर या भिंतीवर हात ठेवायला काहीच दिसत नाही. पिवळसर तपकिरी खडक सरळ वर गेलेला, आणि त्यावर अंतराअंतरावर ठोकलेले बोल्ट, म्हणजे चढणाऱ्याचा दोर अडकवायच्या लोखंडी खुंट्या. हे अमेरिकेच्या ओरेगन राज्यातलं स्मिथ रॉक. पायथ्याशी क्रुकेड नदी वळसे घेत वाहते.

आता भिंतीच्या अगदी जवळ येऊन पाहा. खडकाला बारीक बारीक कडा आहेत. एखादीवर बोटाचं अर्धं पेर मावेल, बऱ्याच कडांवर तेवढंही नाही. मध्येच एखादा दाण्यासारखा उंचवटा. एवढ्याच आधारावर सुमारे ४० मीटर वर जायचं आहे. या मार्गाचं नाव ‘टू बोल्ट ऑर नॉट टू बी’. १९८६ साली फ्रान्सचा आरोहक जाँ-बातिस्त त्रिबू याने तो पहिल्यांदा पूर्ण केला. ५.१४ए ही अमेरिकी काठिण्यश्रेणी (आकडा आणि अक्षर जितकं पुढचं, तितका मार्ग कठीण) मिळालेला हा अमेरिकेतला पहिला मार्ग. युरोपात वापरल्या जाणाऱ्या फ्रेंच श्रेणीत ती ८बी प्लस होते.

या कडा ज्वालामुखीने घडवल्या आहेत. सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी इथे प्रचंड उद्रेक झाले. राखेचे थर साचले, दबले, घट्ट झाले आणि त्यांचा टफ नावाचा खडक बनला. टफ बहुतेक ठिकाणी ठिसूळ असतो. इथल्या काही भिंती मात्र इतक्या टणक आहेत, की नखाएवढी कडासुद्धा माणसाचं वजन पेलते.

अशी कडा धरताना बोटं मुडपावी लागतात. मधला सांधा काटकोनात येतो, टोकाचा सांधा उलट्या बाजूला दाबला जातो आणि अंगठा तर्जनीवर चढतो. आरोहक याला क्रिंप म्हणतात. बोटांमध्ये स्नायू नसतात. पेरं वाकवणारे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात आणि त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, बोटांच्या टोकापर्यंत जातात. या कंडरा हाडाला चिकटून राहाव्यात म्हणून बोटात जागोजागी तंतूंची कडी असतात. क्रिंपमध्ये सगळा ताण तंतूंच्या त्या कड्यांवर येतो, आणि कडं तुटलं तर महिनोन्‌महिने भिंतीपासून लांब राहावं लागतं. आरोहकांमध्ये ही दुखापत सर्वांत जास्त अनामिकेला होते.

तरीही हा मार्ग बोटांच्या जोरावर जिंकता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. भिंत जवळजवळ उभी आहे, पुढे झुकलेली नाही. म्हणजे वजन पायांवर टाकता येतं, आणि टाकावंच लागतं. आरोहकाचे पाय नीट पाहा. ताठ तळव्याचा बूट, अंगठ्याच्या आतल्या बाजूची रबराची धार, आणि त्या धारेखाली दिसेल न दिसेल अशी कडा. कंबर भिंतीला चिकटलेली. पाय एकदा ठेवला की हलवायचा नाही. टाच थोडी जरी थरथरली, तरी रबर सुटतं. आणि हे एकदाच करायचं नाही. पोटऱ्या पेटलेल्या असताना, बोटांची कातडी झिजत असताना पुन्हा पुन्हा करायचं. हात झटकून सैल करावेत अशी निवांत जागा जवळपास नाहीच. म्हणून इथे थंड, कोरड्या हवेची वाट पाहिली जाते. बोटांना घाम आला की मॅग्नेशियम कार्बोनेटची पूडही फार वेळ साथ देत नाही.

मार्गाच्या नावात त्या काळचा एक वाद आहे: बोल्ट मारावा की मारू नये. तेव्हा अमेरिकेतल्या अनेकांच्या मते बोल्ट मारायचाच असेल, तर तो खालून चढत जाऊन मारावा. अ‍ॅलन वॉट्स या आरोहकाने स्मिथ रॉकवर वेगळी रीत धरली. तो माथ्यावरून दोराने खाली उतरायचा, सुटे दगड काढायचा आणि मग बोल्ट बसवायचा. त्याच्यावर टीका झाली. पण खालून चढत जाऊन अशा भिंतीवर बोल्ट बसवणार तरी कसा? थांबायला जागा नाही, आणि दोन्ही हात मोकळे सोडणं अशक्य. वॉट्सच्या या पद्धतीतूनच अमेरिकेतलं स्पोर्ट क्लाइंबिंग, म्हणजे आधीच बसवलेल्या बोल्टांच्या भरवशावर केलेलं आरोहण, उभं राहिलं. त्याचं हे श्रेय त्याला मिळायलाच हवं.

त्या वर्षांत आणखी एक मोह होता. पकड सापडत नसेल, तर छिन्नीने कोरून घ्यायची. अमेरिकेत आणि युरोपात असे मार्ग तयारही झाले. आरोहक पडला तर बोल्ट त्याचा जीव वाचवतो, चढायला मदत करत नाही. कोरलेली पकड मात्र मार्गच सोपा करून टाकते. आज आपल्याला जमत नाही, म्हणून उद्या येणाऱ्याचा प्रश्नच पुसून टाकायचा? मला हे पटत नाही. या भिंतीवर निसर्गाने ठेवलेल्या कडांवरूनच वाट निघाली, याचं मोल मला त्या श्रेणीहून जास्त वाटतं.

त्रिबूनंतर १९८७ मध्ये स्कॉट फ्रँकलिन याने हा मार्ग पूर्ण केला. ५.१४ श्रेणी चढणारा तो पहिला अमेरिकी. त्रिबू १९९२ मध्ये स्मिथ रॉकवर ‘जस्ट डू इट’ हा ५.१४सी श्रेणीचा मार्गही चढला. पुढे जगभरात याहून कितीतरी कठीण मार्ग झाले. त्यांतले बहुतेक पुढे झुकलेल्या भिंतींवर आहेत आणि ते दंडाची, पाठीची ताकद मागतात. व्यायामशाळेतल्या लाकडी पट्ट्यांवर बोटं बळकट करून आलेले तरुण या उभ्या भिंतीवर मात्र अजूनही पाय घसरून पडतात, दोरावर झुलतात आणि पुन्हा पहिल्या कडेकडे येतात.