निकालाचं शेवटचं पान

(नागरी हक्कांच्या खटल्यांवरील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

गाजलेल्या निकालांतली दोन-चार वाक्यं आपल्याला पाठ असतात. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तर जास्तच, परीक्षेत तीच लिहायची असतात. शेवटचं पान मात्र फारसं कुणी वाचत नाही. आदेश असतो तिथे. अर्ज मंजूर की नामंजूर, सरकारने काय करायचं, किती दिवसांत करायचं. ज्या माणसाने कोर्टाची पायरी चढली त्याच्या पदरात काय पडलं, हे त्या पानावर कळतं. आज मी तिथूनच बोलणार आहे.

केशवानंद भारतींचं नाव घेतल्याशिवाय राज्यघटनेवरचं भाषण होत नाही. १९७३ सालचा निकाल, तेरा न्यायमूर्ती, मूलभूत चौकटीचा सिद्धांत, म्हणजे संसदेला घटना बदलता येते, पण तिची मूळ चौकट मोडता येत नाही. पण स्वामीजी कोर्टात गेले होते ते केरळच्या जमीन सुधारणा कायद्यांविरुद्ध, मठाच्या जमिनींसाठी. त्या कायद्यांना संरक्षण देणारी एकोणतिसावी घटनादुरुस्ती त्याच निकालात वैध ठरली. मनेका गांधींचंही तसंच. जुलै १९७७ मध्ये त्यांचा पासपोर्ट जप्त झाला आणि कारण विचारलं तर सांगायला नकार. जानेवारी १९७८ च्या निकालाने कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा, अर्थच पालटला. नुसती कायद्यात लिहिलेली कार्यपद्धती पुरेशी नाही, ती न्याय्य आणि वाजवीही हवी, असं ठरलं. पासपोर्ट परत द्या असा आदेश मात्र झाला नाही. सरकारने बाजू ऐकून घ्यायची तयारी दाखवली, कोर्टाने ते मान्य केलं, विषय संपला.

म्हणून मला एक खटला फार आवडतो, कारण त्यात मागणाऱ्याला मागितलेलं खरोखर मिळालं. आपल्याच मुंबईतला आणि एका मराठी हस्तलिखिताचा खटला आहे तो.

१९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी देशात आणीबाणी जाहीर झाली होती. ही पहिली आणीबाणी. आपण नेहमी पंचाहत्तरचीच आठवण काढतो. ही आधीची १९६८ पर्यंत चालली, हे विसरूनच जातो. त्या काळात भारत संरक्षण नियमांखाली कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. खटला नाही, शिक्षा नाही, नुसतं डांबून ठेवलेलं. या गृहस्थांनी आत बसून काय केलं? अणूवर पुस्तक लिहिलं. ‘अणूच्या अंतरंगात’. मूलकणांबद्दलचं, निखळ विज्ञानाचं पुस्तक. राज्य सरकारकडे त्यांनी अर्ज केला, की हे हस्तलिखित माझ्या पत्नीकडे पाठवू द्या, ती छापून घेईल. सरकार नाही म्हणालं.

आता गंमत बघा. पुस्तक देशविघातक आहे असं सरकारने म्हटलंच नाही. म्हणणार तरी कसं, त्यात इलेक्ट्रॉन-प्रोटॉन! सरकारचा युक्तिवाद निराळाच होता. स्थानबद्धाला काय काय करता येईल हे नियमावलीत लिहून ठेवलंय. भेटी किती, पत्रं किती, सगळं. पुस्तक लिहून बाहेर पाठवण्याचा उल्लेख त्यात कुठे नाही, म्हणून तसा हक्क नाही. ही भाषा तुमच्या ओळखीची आहे. कुठल्याही कचेरीच्या खिडकीपाशी उभं राहा, ‘तशी तरतूद नाही’ हे ऐकायला मिळतंच.

मुंबई उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला. तरी सरकार थांबलं नाही, एका हस्तलिखितासाठी सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे न्यायमूर्ती के. सुब्बाराव यांनी हा तर्क उलटा करून ठेवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: स्थानबद्धतेच्या अटी ही कैद्याला दिलेली खैरात नव्हे. त्याचं स्वातंत्र्य कुठवर कापता येईल, याची ती हद्द आहे. नियमात जी मनाई नाही, ती अधिकाऱ्याला आपल्या मर्जीने घालता येणार नाही. मूलभूत हक्क आणीबाणीत स्थगित होते, मान्य. पण स्थगिती होती ती भारत संरक्षण कायद्याला आणि नियमांना धरून केलेल्या कारवाईपुरती. ज्या कृतीला त्या नियमांतच आधार नाही, तिला आणीबाणीची ढाल मिळत नाही.

अपील फेटाळलं. निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी आपलं सैन्य लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडत होतं. देशाची सुरक्षा, देशाची सुरक्षा असा घोष करायला याहून सोयीचा दिवस सापडला नसता.

अकरा वर्षांनी, २८ एप्रिल १९७६ ला, त्याच सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवलं की आणीबाणीत स्थानबद्धाला सुटकेसाठी कोर्टाचं दारच ठोठावता येणार नाही. जबलपूर खटला. एकटे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना विरोधात उभे राहिले आणि पुढे त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. हे सर्वांना ठाऊक आहे, मी त्यात रमत नाही. एवढंच सांगतो, की त्या चौघांत पुण्यात जन्मलेले यशवंत विष्णु चंद्रचूड होते. २०१७ च्या गोपनीयतेच्या निकालात त्यांच्याच चिरंजीवांनी, धनंजय चंद्रचूडांनी, हा निकाल चुकीचा ठरवून मोडीत काढला.

थोरल्या चंद्रचूडांचा दुसरा एक निकाल आपल्याला वाचायचाय. ऑल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका, १० जुलै १९८५.

१३ जुलै १९८१ ला मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं, की मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांना जबरदस्तीने हटवून आपापल्या गावी पाठवलं जाईल. कारण काय दिलं? पावसाळ्यात अशा तकलादू झोपड्यांत माणसं कशी राहणार! म्हणून भर पावसाळ्यात झोपडी मोडायची.

या निकालात अर्जदारांची हकिगत दिलीय, ती जरूर वाचा. एक जण संगमनेरचा, चांभारकाम करणारा. दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे. गावातलं घर कोसळलं, तेव्हा १९६९ मध्ये मुंबईला आला आणि महिना साडेतीनशेवर बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर ‘घर’ मिळावं म्हणून तिथल्या गुंडाला तीनशे रुपये दिले, वर बांबू आणि प्लॅस्टिकला सातशे. म्हणजे फुटपाथही फुकटचा नव्हता! सरकारच्या लेखी मात्र हा घुसखोर.

कोर्टाने मोठी गोष्ट सांगितली. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, कारण पोटापाण्याचं साधन काढून घेतलं तर जगणंच काढून घेतलं. हे लोक कामाच्या जवळ राहतात कारण रोजचं येण्या-जाण्याचं भाडं परवडत नाही, हेही मान्य केलं. आणि मग शेवटची पानं येतात. विनानोटीस अतिक्रमण हटवू देणारं महापालिका कायद्याचं कलम ३१४ वैधच. नोटीस साधारणपणे द्यायला हवी, हेही खरं. पण या लोकांना आम्हीच इथे भरपूर ऐकून घेतलंय, तेव्हा पुन्हा आयुक्तांकडे सुनावणीला पाठवण्यात अर्थ नाही! ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरून महिना होईपर्यंत, हात लावू नका, नंतर हटवा. १९७६ च्या झोपडपट्टी-गणनेत ज्या रहिवाशांना ओळखपत्रं मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्या. मात्र फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवण्यासाठी आधी पर्यायी जागा दिलीच पाहिजे, अशी अट नाही.

पुढे या निकालातल्या तत्त्वाचा आधार देशभर घेतला गेला, परदेशातल्या न्यायालयांनीही त्याची दखल घेतली. त्याचं मोल मी कमी करत नाही. पण सलग चार वर्षं झोपड्या राहिल्या त्या खटला चालू असतानाच्या अंतरिम मनाईहुकमामुळे, अंतिम निकालामुळे नव्हे. वकिलाला विचारा, तो सांगेल की गरिबाला खरा दिलासा बहुधा स्थगितीतच मिळतो.

अलीकडचं सांगून थांबतो. १३ नोव्हेंबर २०२४ ला बुलडोझर कारवायांवर निकाल आला. तो लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई अमरावतीचे. आरोपी आहे म्हणून कुणाचं घर पाडता येणार नाही, निवारा हा कलम २१ चा भाग आहे, किमान पंधरा दिवसांची नोटीस द्या, पाडकामाचं चित्रीकरण करा, नियमबाह्य पाडलं तर अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई घ्या. वर्तमानपत्रांनी हे सगळं ठळक छापलं, छापायलाच हवं होतं. त्याच निर्देशांत एक अपवाद आहे. रस्ता, रेल्वेमार्गालगतची जागा, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरच्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. त्या यादीत फुटपाथही आहे.