करवंदाची जेली आणि "किती मिनिटं उकळायची?"चा निकाल

नमस्कार मंडळी! कवठाच्या जेलीच्या व्हिडिओखाली अजून एकच प्रश्न येतोय. "ताई, साखर घातल्यावर किती मिनिटं उकळायचं ते सांगितलंच नाहीत." नाही सांगितलं, कारण ते मिनिटांत सांगताच येत नाही. आज करवंदाची जेली करू आणि ह्या मिनिटांचा एकदाचा निकाल लावू.

ही करवंदं बघा. ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरपाड्यांवरून बायका पाट्या घेऊन खाली येतात, त्यांच्याकडून घेतलीत. कृपा करून त्यांच्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. काटेरी जाळीतून एकेक फळ तोडायचं, चिकाने बोटं बरबटून घ्यायची आणि मे महिन्याच्या उन्हात पाटी डोक्यावर घेऊन डोंगर उतरायचा. मॉलमधल्या ब्लूबेरीच्या एवढ्याशा डबीला आपण मुकाट्याने पैसे मोजतो, आणि इथे मात्र द्रोणात चार करवंदं जास्त टाक म्हणतो. मला हे बघवत नाही.

तर, खायला काळीभोर करवंदं हवीत, पण जेलीला तीन वाटे लाल, कच्चट आणि एक वाटा काळी. जेली जिच्यामुळे धरते ते पेक्टिन अर्धकच्च्या फळात भरपूर असतं, फळ पिकत जातं तसं ते मोडतं. आंबटपणाही लालमध्येच जास्त. काळी घ्यायची ती रंगाला आणि वासाला.

बाकीचं तुम्हाला येतंच. बोटांना खोबरेल लावून देठं काढा, धुवा, फळं बुडतील इतकं पाणी घालून मऊ शिजवा, पळीने ठेचा, मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवा. फडकं पिळायचं नाही, जेली गढूळ होते. एक वाटी रसाला पाऊण वाटी साखर. भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियम किंवा लोखंड आंबटाला चालत नाही. झालं.

आता गॅसवर या. हा रस उकळतोय. ह्यातलं पाणी उडतंय आणि साखरेचं प्रमाण वाढतंय. ते शंभरात ६५च्या आसपास आलं की जेली धरते. पाणी किती वेळात उडेल? तुमचं पातेलं पसरट असेल तर पटकन, उभट असेल तर वेळ लागेल. शिजवताना तुम्ही पाणी जास्त घातलं असेल तर आणखी वेळ. माझी मिनिटं तुमच्या काय कामाची?

थर्मामीटर असेल तर सोपं आहे. ठाण्यात पाणी १०० अंशाला उकळतं, जेली १०५च्या जवळ उतरवायची. पण हा १०५चा आकडाही पाठ करू नका. एका दादांनी महाबळेश्वरहून लिहिलंय की १०५ येईपर्यंत जेली करपायला लागली. लागणारच! महाबळेश्वर १३०० मीटरच्या वर आहे, तिथे पाणी ९५-९६लाच उकळतं. म्हणून आधी तुमच्या घरी साधं पाणी किती अंशाला उकळतं ते बघा आणि त्यात पाच मिळवा.

थर्मामीटर नाही? नौपाड्यातल्या माझ्या आत्याकडेही नव्हता. ती माठाच्या पाण्यात बशी गार करून ठेवायची. आपण फ्रीजरमध्ये ठेवू. (बशी दाखवत) हा थेंब टाकला. आधी गॅस बंद! परीक्षा चालू असताना खाली रस उकळत ठेवला तर तेवढ्यात पुढे जातो. मिनिटभर थांबा. आता बोटाने कडेकडून हळूच सारा. वर बारीक सुरकुती पडली, बघा, आणि मधून बोट ओढलं तर वाट उघडीच राहिली. झाली जेली. वाट लगेच भरून आली तर अजून दोन उकळ्या.

आणि तेही नको असेल तर पळी आडवी धरा. सुरुवातीला थेंब टपटप सुटे पडतात. मग दोन थेंब कडेवर एकमेकांना मिळतात आणि पडद्यासारखे एकत्र सुटतात. तिथेच थांबायचं.

आता "जेली इतकी कडक झाली की चमचा वाकतो" लिहिणाऱ्या ताई, तुमच्यासाठी. तुम्ही म्हणता, पातळ दिसत होती म्हणून अजून दहा मिनिटं आटवली. ताई, गरम जेली पातळच असते हो! ती गार होताना धरते. गॅसवर घट्ट दिसेपर्यंत थांबलात तर बाटलीत चिकट गोळा मिळणार. आणि फार वेळ उकळलं की पेक्टिनच मोडतं, मग नुसता काकवीसारखा पाक उरतो. म्हणून रस एका वेळी थोडाच घ्या, आच मोठी ठेवा आणि घड्याळाकडे बघू नका.

साखर निम्मी केली तर चालेल का, असंही खूप जण विचारतात. नीट धरणार नाही, आणि बुरशीही लवकर येईल. साखरच पाणी बांधून ठेवते म्हणून जेली टिकते. कमी गोड हवं तर चटणी करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा.

शेवटचं. जांभूळ, बिंबळी, अंबाडीची लाल बोंडं, ह्यांची होईल का? मला विचारण्यापेक्षा फळालाच विचारा. चमचाभर गार रसात दोन चमचे स्पिरिट घालून हलकं हलवा, गॅसपासून लांब. एकसंध गोळा झाला तर पेक्टिन भरपूर आहे. नुसते तुकडे तुकडे झाले तर कमी आहे. हे मिश्रण चाखायचं नाही, ओतून टाकायचं. पेक्टिन कमी निघालं तर त्या रसात लाल करवंदाचा रस मिसळा. पाऊस लागला की करवंदं संपतात, तेव्हा आत्ताच दोन डबे रस साखर न घालता फ्रीजरमध्ये टाकून ठेवा.