सड्यावरचे धनगरवाडे

श्रोते हो, नमस्कार.

मे महिना लागला की कोल्हापूरच्या मंडईत आणि पेठांच्या कोपऱ्यांवर करवंदा-जांभळांच्या बुट्ट्या दिसायला लागतात. पानाच्या द्रोणात करवंदं भरून देणाऱ्या बायकांशी आपण दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. त्या आल्या कुठून, हे सहसा विचारत नाही. त्यातल्या कितीतरी जणी शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरीकडच्या डोंगरांतून येतात. पहाटे अंधारातच वाट उतरायची, खालच्या फाट्यावर एसटी धरायची आणि बुट्टी रिकामी झाली की सांजच्या गाडीनं जाऊन परत डोंगर चढायचा. त्यांच्या वस्त्यांविषयी, आपल्या जिल्ह्यातल्या धनगरवाड्यांविषयी, आज मला बोलायचं आहे.

शाहूवाडीपासून चंदगडपर्यंत सह्याद्रीच्या माथ्यावर आणि उतारांवर हे वाडे विखुरलेले आहेत. कुठं पाच घरं, कुठं दहा, कुठं वीस-पंचवीस. राहणारे बहुतेक गवळी धनगर. मेंढरं घेऊन फिरणारा देशावरचा धनगर वेगळा. यांचं सगळं जगणं म्हशीवर. पूर्वी दूध खाली नेईपर्यंत नासायचं, म्हणून लोणी-तूप करून विकायचं आणि त्यावर दाणागोटा आणायचा. आता दूध न्यायला गाडी येते, पण ती डांबरी सडकेपर्यंत. तिथवर किटली डोक्यावरूनच उतरवावी लागते. शेती म्हणाल तर उतारावर नाचणी आणि वरी, खाचरात थोडं भात. नाचणीची कणसं भरायला लागली की गवे येतात. रात्रभर माळ्यावर बसून हाकाट्या घालायच्या, डबा बडवायचा, आणि पहाटे जरा डोळा लागला की तेवढ्यात कळप निम्मं शेत तुडवून जातो.

गगनबावड्यात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा पडला तरी लोक बरं वर्ष म्हणतात. वाड्यावर मिरगाच्या आत चार महिन्यांची बेगमी करावी लागते: लाकूडफाटा, म्हशींची वैरण, तांदूळ, मीठ, तेल, बॅटरीचे सेल. कुडाच्या भिंतींना बाहेरून गवताचा जाड आडोसा बांधतात, नाहीतर पावसाच्या माऱ्यानं शेणामातीचा लिंपा धुऊन जातो. आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. चूल दिवसभर पेटती ठेवायची, ओली घोंगडी तिच्यावरच्या काठीवर टाकायची आणि त्या धुरातच बसायचं. तिथल्या म्हाताऱ्या बायकांचे डोळे बारमाही लाल का असतात, ते एक पावसाळा त्या घरात काढल्याशिवाय कळत नाही.

आणि एवढा पाऊस अंगावर घेणाऱ्या वाड्यावर मार्चनंतर प्यायला पाणी नसतं. कारण पायाखालच्या दगडात आहे. माथ्यावरचा सपाट सडा जांभ्या दगडाचा. बराचसा पाऊस त्यावरून धावत सुटतो. जो मुरतो तो जांभ्याच्या छिद्रांतून झिरपत खालच्या अंगाला झरा होऊन निघतो. उन्हाळ्यात तो झरा बोटभर धारेवर येतो. मग बायका वाटीनं पाणी खरवडून हंड्यात भरतात, एक भरला की दुसरीचा नंबर. रात्री गर्दी कमी म्हणून काहीजणी रात्रीच जातात. सडे पाणी धरतात, म्हणूनच हे झरे इतके तरी टिकतात. राधानगरी, शाहूवाडी, चंदगड भागांतल्या सड्यांखाली बॉक्साइट आहे आणि त्यासाठी काही सडे खणले गेले. सडा खरवडला की खालच्या झऱ्याचं काय होतं, हे विचारायला कुणी म्हशीवाल्याच्या दारात गेलं नाही. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती या नद्या याच डोंगरांत उगम पावतात. त्यांचीच पंचगंगा होते, आणि तिच्याच पाण्यावर आपण ऊस पिकवतो.

आजारपणाचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. वाड्यावरची जुनी माणसं पावसाळ्याच्या तोंडाला अवघडलेल्या सुनेला माहेरी नाहीतर खालच्या गावात पाठवतात. जिला खाली कुणी नाही, ती वरच राहते. कळा सुरू झाल्या की बांबूला घोंगडं बांधून झोळी करायची. दोघं खांद्यावर घेतात, दोघं बदलीला चालतात, एक जण बॅटरी घेऊन पुढं. निसरड्या उतारावर पुढच्याचा खांदा खाली जातो आणि सगळा भार त्याच्यावर येतो. तेव्हा मागचा वाकून गुडघ्यावर चालल्यासारखा उतरतो. ओढा आला की झोळी डोक्यावर. कुणी बोलत नाही, फक्त ‘दगड’, ‘मुळी’, ‘थांब’ एवढे शब्द. १०८ची गाडी उभी असते ती रस्ता संपतो तिथं, आणि तिला फोन करायला रेंज सापडते ती अर्ध्या वाटेवरच्या एखाद्या टेकाडावर. ज्या जिल्ह्यात इतक्या लांबलांबचे पेशंट मोठ्या ऑपरेशनला येतात, त्याच जिल्ह्यातली ही बाई आहे.

शाळेचंही तसंच. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. आज कायद्यानं पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि पुढची तीन किलोमीटरच्या आत हवी. डोंगरातला किलोमीटर मात्र नकाशावर मोजता येत नाही. मधे ओढा असतो, जंगल असतं, बिबट्या असतो. त्यामुळं चौथी-पाचवी झाली की मुलगी म्हशींमागं जाते, आणि मुलगा थोडा मोठा झाला की गोव्याकडं नाहीतर मुंबईला हॉटेलात कामाला.

रस्ता का होत नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: मधे वनखात्याची जमीन आहे. जंगल राहिलंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि वाड्यावरच्यांच्याही नाही. पण २००६च्या वनहक्क कायद्यातच कलम ३, पोटकलम २ आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याच्या पाण्याची पाइप, विजेची तार, रस्ता अशा तेरा सोयींसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. अट अशी, की हेक्टरी ७५हून जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. अभयारण्याच्या हद्दीत वाट आणखी बिकट आहे, तरी सगळेच वाडे अभयारण्यात नाहीत. स्वतःच्या जमिनीच्या दाव्याला गवळी धनगरांना तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. कागद नाही म्हणून लोक तिथंच हात टेकतात. पण थोरामोठ्यांचे जबाब, जुनी विहीर, देवाचं ठाणं, पूर्वजांच्या समाध्या हेही पुरावे नियमांत धरलेले आहेत.

काहीजण म्हणतात, एवढा त्रास आहे तर वाडे खाली आणून वसवा. ज्यांना उतरायचं आहे त्यांना जरूर आणावं, पण जमीन आधी, उठवणं नंतर. चांदोलीच्या अभयारण्यासाठी उठवलेल्या लोकांना पुनर्वसनाच्या जमिनीसाठी वर्षानुवर्षं ठिय्या मारावा लागला, हे या जिल्ह्यानं पाहिलं आहे. आणि ज्यांना म्हशी घेऊन वरच राहायचं आहे, त्यांना राहू द्यावं. तो निर्णय त्यांचा.

डोंगरातल्या गावांचे सरपंच आणि ग्रामसेवक हे बोलणं ऐकत असतील, तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. वाडा तुमच्याच ग्रामपंचायतीत येतो. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला ऐन पावसात ती माणसं खाली येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांचा विषय कधी निघतच नाही. दिवाळीनंतर वाटा सुकल्या की एक सभा वाड्यावरच घ्या. वनरक्षकाला आणि तलाठ्याला सोबत न्या, बायकांना पुढं बसवा, झरा आणि रस्त्याची आखणी तिथंच उभं राहून बघा, आणि ठराव त्याच बैठकीत लिहून सह्या-अंगठे घ्या.

नमस्कार.