एकटा स्वार पळता बैल कसा पाडतो? बेन जॉन्सन स्मृती स्टीअर रोपिंग

नमस्कार. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात पॉहस्का नावाचे एक छोटे गाव आहे. तेथे दरवर्षी जून महिन्यात, फादर्स डेच्या सुमारास, बेन जॉन्सन यांच्या स्मरणार्थ स्टीअर रोपिंगची स्पर्धा भरते. जुन्या वेस्टर्न चित्रपटांच्या चाहत्यांना या नावाचा ऑस्करविजेता अभिनेता आठवेल. मात्र ही स्पर्धा सुरू झाली ती त्याच्या वडिलांच्या नावाने.

थोरले बेन जॉन्सन हे ओसेज परगण्यातील चॅपमन-बर्नार्ड या सुमारे एक लाख एकरांच्या रँचचे, म्हणजे गुरे पाळण्याच्या विस्तीर्ण कुरणाचे, मुकादम होते आणि दोर टाकण्यात त्यांचा हातखंडा होता. १९५२ मध्ये ते वारले. अशा माणसाची आठवण दोराच्या स्पर्धेने का जपली जाते, हे समजून घ्यायचे तर त्या रँचवरचे काम पाहिले पाहिजे.

पुरुषभर उंचीच्या गवताच्या त्या माळरानावर जनावरे मोकळी चरत. एखाद्या जनावराच्या जखमेत स्क्रूवर्म माशीच्या अळ्या पडल्या की त्याला जागच्या जागी पाडून औषध लावावे लागे, कारण कोंडवाडा कित्येक मैल दूर असे आणि मदतीला दुसरे कोणी असेलच याची खात्री नसे. आपल्याकडे पत्री मारण्यासाठी बैल पाडायचा तर दोर धरायला तीन-चार गडी लागतात, आणि तोही माणसाळलेला, दावणीचा बैल असतो. तेथे जनावर मोकाट धावणारे आणि स्वार एकटा.

आता प्रत्यक्ष खेळाकडे वळू. स्टीअर म्हणजे खच्ची केलेला तरुण बैल. स्पर्धेतल्या बैलाचे वजन साधारण दोनशे ते अडीचशे किलो भरते. बैलाला आधी थोडी आघाडी मिळते आणि ती मिळण्यापूर्वीच घोड्याने अडसराची दोरी तोडली, तर दहा सेकंदांचा दंड बसतो. फास शिंगांतच पडावा लागतो. दोराचे दुसरे टोक खोगिराच्या खुंटीला पक्के बांधलेले असते. फास आवळताच स्वार दोराचा ढिला भाग बैलाच्या उजव्या पुठ्ठ्यावरून पलीकडे टाकतो आणि घोडा डावीकडे तिरका पळवतो. त्यामुळे बैलाची मान मागे वळते, मागचे पाय उचलले जातात आणि तो आडवा होतो. स्वार उडी मारून धावत जातो, जवळच्या आखूड दोरीने बैलाचे तीन पाय बांधतो आणि हात वर करतो. बांधलेला बैल सहा सेकंद तसाच राहिला, तरच ती वेळ ग्राह्य धरली जाते. कसलेले रोपर हे सारे दहा-बारा सेकंदांत उरकतात.

या प्रकारावर आक्षेप आहेत आणि ते मला रास्त वाटतात. रोडिओतील, म्हणजे गुराख्यांच्या कसबाच्या स्पर्धांतील, अन्य प्रकारांपेक्षा येथे जनावर जोरात आपटते, त्याला इजा होण्याचा धोका असतो आणि म्हणूनच हा खेळ अमेरिकेतील मोजक्याच राज्यांत चालतो. शिंगांना संरक्षक आवरण घालतात. पण त्याने आपटणे थांबत नाही. शिवाय ज्या अळ्यांमुळे हे कसब अपरिहार्य झाले होते, त्यांचा उपद्रव विसाव्या शतकातच वंध्य माश्या सोडण्याच्या मोहिमेने अमेरिकेत मोडून काढला.

धाकट्या बेन जॉन्सनचा जन्म १९१८चा. वडिलांच्या निधनानंतरच्या वर्षी, म्हणजे १९५३ मध्ये, चित्रपटातील काम बाजूला ठेवून तो रोडिओत उतरला आणि टीम रोपिंगचा जगज्जेता ठरला. त्या प्रकारात दोन स्वार असतात: एक शिंगांना फास टाकतो, दुसरा मागच्या पायांना, बैल पाडावा लागत नाही. थोरल्या जॉन्सन यांच्या रँचचा मोठा भाग १९८९ मध्ये निसर्गसंवर्धनासाठी विकत घेण्यात आला आणि आज तेथे बायसन चरतात.

स्टीअर रोपिंग पहिल्यांदाच पाहणार असाल, तर स्वार खाली उतरल्यानंतर घोड्यावर नजर ठेवा. पाठीवर कोणी नसताना तोच पुढे ओढत दोर ताणून धरतो. तो थबकला की दोर सैल पडतो, बैल उठू लागतो आणि सगळी धाव वाया जाते.