कडी कोणाच्या हातात?

[कमाटीबाग, सकाळ. संग्रहालयाच्या पायऱ्या.]

वडोदऱ्यातल्या मराठी घरांतली मुलं या संग्रहालयात आली, की आधी ममीकडे धावतात. आम्हीही धावायचो. जपानी वस्तू वाटेतच मागे पडायच्या. आज त्यांच्यापाशी थांबू या, कारण त्या देशाने दोनशे वर्षांहून जास्त काळ स्वतःला आतून कडी लावून घेतली होती.

[नागासाकीचा जुना नकाशा.]

१६३५. जपानची खरी सत्ता हातात असलेला लष्करप्रमुख म्हणजे शोगुन. त्या गादीवरच्या तोकुगावा इएमित्सूचं फर्मान निघालं : जपानी माणसाने परदेशी जायचं नाही, गेलेला परतला, तर देहदंड. ख्रिस्ती धर्मप्रसाराची धास्ती होतीच. १६३७ साली शिमाबाराला शेतकऱ्यांचं बंड उठलं, त्यात ख्रिस्ती पुष्कळ होते. पण मला दुसरं कारण अधिक वजनाचं वाटतं. क्यूशू बेटावरचे सरदार परदेशी व्यापारावर गब्बर होत होते, बंदुका मिळवत होते. शोगुनला धाक होता तो या घरच्या सरदारांचा. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना बंदी झाली. पुढच्या वर्षी चीनच्या किनाऱ्यावरच्या मकाऊ या त्यांच्या ठाण्याहून शिष्टमंडळ विनवणी करायला आलं. त्यातल्या ६१ जणांची मुंडकी उडवली गेली.

तरी एक फट उरलीच. देजिमा. नागासाकीच्या बंदरात भराव घालून केलेलं, पंख्याच्या आकाराचं चिमुकलं बेट. डच व्यापाऱ्यांनी तिथेच राहायचं. चिनी जहाजंही नागासाकीला येत. म्हणजे दार पुरतं बंद नव्हतं. कोणी आत यायचं, ते शोगुन ठरवत होता.

या फटीतून पुस्तकं आली. १७७१ साली सुगिता गेनपाकू हा वैद्य एका शवाचं विच्छेदन पाहत होता. हातात डच भाषेतलं शरीरशास्त्राचं पुस्तक. समोरचे अवयव त्यातल्या चित्रांशी तंतोतंत जुळत होते! डच धड येत नसताना त्याने आणि सोबत्यांनी भाषांतर सुरू केलं. एकेका शब्दाशी झगडत १७७४ मध्ये ते छापून काढलं. माझं मन या माणसांपाशी घुटमळतं.

[समुद्रात काळी जहाजं.]

१८५३. अमेरिकेचा नौदल अधिकारी पेरी चार युद्धनौका घेऊन आला, आणि कडी काढावी लागली ती तोफांसमोर. १८५८ च्या करारांनी आयात मालावरची जकात ठरवायची मोकळीक गेली. परदेशी गुन्हेगारावर जपानी न्यायालयात खटला चालेना. जपानात सोनं चांदीच्या जेमतेम पाचपट भावाचं, बाहेर पंधरापट. परदेशी व्यापारी चांदी आणत आणि सोनं घेऊन जात.

[लक्ष्मीविलास राजवाडा.]

बडोद्याची कडी मात्र बाहेरून लागली. १८०५ च्या तहाने गायकवाडांचा परराष्ट्र व्यवहार इंग्रजांकडे गेला. सयाजीराव १८८७ पासून परदेशी जात राहिले. १९०० साली व्हाइसरॉय कर्झनचं परिपत्रक आलं : संस्थानिकाने परदेशी जायचं, तर आधी परवानगी मागायची.

१९१० मध्ये महाराज जपानला पोचले. पुढच्याच वर्षी जपानने जकातीचा हक्क परत मिळवला. बडोदा १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालं. तोवर कुठल्याही परक्या देशाशी स्वतःच्या सहीचा तह करायची मुभा त्याला मिळाली नव्हती.